ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?



गेल्या काही दिवसांत मंदिरात तीन जणींनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. दवाखान्यात आता कागद देत नाहीत, मोबाईलवर रिपोर्ट बघा म्हणतात, ते बघायचे कसे? खरं तर आपल्या घरांत या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं आहे: मुलाला सांगा, तो काढून देईल. मुलगा नसेल तर यजमानांना, तेही नसतील तर पुण्याच्या भाच्याला. आज मला रिपोर्ट काढण्याच्या पद्धतीपेक्षा या उत्तराबद्दलच जास्त लिहायचं आहे. त्यात एक मोठी गोष्ट आपण न विचारताच देऊन टाकतो आहोत, असं मला वाटतं.

आधी नेमकं बदललं काय ते बघू. आर्वीत उपजिल्हा रुग्णालय आहे, चांगले खाजगी डॉक्टरही आहेत, पण जरा मोठं दुखणं निघालं की आपण बाहेर पडतो. कुणी सेवाग्रामला, कुणी सावंगीला, कुणी अमरावतीला, नाहीतर थेट नागपूरला. कॅन्सरचा संशय असला की अजूनही कितीतरी घरं मुंबईला टाटा मेमोरियलची वाट धरतात. या मोठ्या रुग्णालयांत आता सगळ्या नोंदी संगणकावर असतात. आपल्या जिल्ह्याला तर हे नवीनही नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने वीसेक वर्षांपूर्वीच कागदांचं काम संगणकावर आणायला सुरुवात केली होती. टाटामध्ये केस फाईलच्या क्रमांकावरून रुग्णाला आपले रिपोर्ट घरबसल्या बघता येतात. खाजगी रुग्णालयांची आणि पॅथॉलॉजी लॅबची स्वतःची ॲप आहेत. सगळीकडे पद्धत एकच. नोंदणीच्या खिडकीवर नाव, वय आणि मोबाईल नंबर विचारतात. त्या नंबरावर खातं उघडतं, त्याच नंबरावर ओटीपी येतो आणि त्या ओटीपीनेच रिपोर्टचं कुलूप उघडतं.

आता खिडकीवरचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. बाई बाकावर बसलेली असते, पदराने घाम पुसत. रांगेत उभे असतात यजमान किंवा दीर. "नंबर सांगा" म्हटलं की ते आपला सांगतात. यात कुणाची वाईट बुद्धी नसते. नंबर तोंडपाठ असतो, मागे रांग असते, घाई असते. पण त्या एका वाक्याने त्या बाईच्या शरीराची सगळी नोंद दुसऱ्याच्या खिशात जाऊन बसते.

नात्यातल्या एकीची गोष्ट तिला विचारूनच सांगते. नाव आणि गाव सांगत नाही. तिच्या स्तनात गाठ लागली होती आणि एका शहरात तिची तपासणी झाली. तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला तो यजमानांच्या फोनवर. त्यांना तो इंग्रजी कागद कळेना, म्हणून त्यांनी तो दोन भावांना पाठवला. एका भावाने ओळखीच्या डॉक्टरला पाठवला, दुसऱ्याने मुलांच्या ग्रुपवर टाकला. चौथ्या दिवशी तिला कळलं. तोवर नागपूरला की मुंबईला हे ठरलं होतं, तिकिटं निघाली होती, धाकटी जाऊ डोळे पुसून गेली होती. तिला वाटलं होतं, जाऊबाईंच्या डोळ्यांना काही झालं असेल. आज ती बरी आहे, उपचार वेळेत झाले, घरच्यांनी जीव लावून केलं. तरी ती म्हणते, "आजाराचं दुःख झालं ते झालंच, पण सगळ्यांना माहीत होतं आणि मी पोळ्या लाटत होते, हे अजून जात नाही."

घरच्यांनी हे प्रेमापोटी केलं, यात मला शंका नाही. प्रेमापोटी लपवण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. आईला सांगू नका, ती खचेल. सासूबाईंना नुसतं अल्सर आहे म्हणा. पण तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरण कर्माच्या आस्रवाची कारणं सांगितली आहेत. त्यात निह्नव आहे, म्हणजे असलेलं ज्ञान लपवणं, आणि अंतराय आहे, म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानात अडथळा आणणं. तिथे विषय शास्त्रज्ञानाचा आहे हे मला ठाऊक आहे, मी काही पंडिता नाही. तरीही एखादीला तिच्याच देहाचं ज्ञान मिळू न देणं यापासून फार लांबचं आहे असं मला वाटत नाही. ज्या बाईला आपला आजार माहीतच नाही, ती शिखरजीची यात्रा आधी करायची की ऑपरेशन आधी, कोणता नियम घ्यायचा, कोणता सोडायचा, कुणाला काय द्यायचं, हे ठरवणार कशी? तिच्यासाठी ते दुसराच कुणीतरी ठरवतो.

कागद कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे, हे आपल्या समाजाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर अनुभवलं आहे. षट्खंडागमावरच्या धवला टीकेची ताडपत्रं शतकानुशतकं कर्नाटकातल्या मूडबिद्रीला गुरुबसदीत होती. यात्रेकरू जायचे, लांबून दर्शन घ्यायचे, हात जोडायचे आणि परत यायचे. वाचायला मिळत नसत. नष्ट होऊ नयेत म्हणून जपलेली ती पानं जपली जाताजाताच जीर्ण होत होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासारख्या मंडळींनी खटपट करून प्रती करण्याचं काम सुरू करवलं. पण त्या प्रतीही बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत असं ठरलं. प्रत करणाऱ्या पंडितांपैकी गजपती शास्त्री यांनी मग गुपचूप आणखी एक कानडी प्रत तयार केली. या कामात त्यांची विदुषी पत्नी लक्ष्मीबाई हिने साथ दिली. ती प्रत सहारनपूरला पोचली आणि तिथून पुढे आणखी प्रती निघत गेल्या. अशाच प्रतींवरून आपल्या शेजारच्या अमरावतीत, तेव्हाच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणाऱ्या प्राध्यापक हिरालाल जैन यांनी संपादन हाती घेतलं. 1939 मध्ये पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला, पुढे सोळा खंड झाले. ज्याचं नुसतं दर्शन मिळायचं ते आता कोणत्याही मंदिराच्या कपाटात स्वाध्यायासाठी ठेवता येतं.

लक्ष्मीबाईंचं नाव मला नेहमी थांबवतं. त्यांच्याविषयी आपल्याला या एका गोष्टीपलीकडे फारसं काही ठाऊक नसतं. पण प्रत केली नाही तर ज्ञान कुणाच्याच हाती राहत नाही, हे त्या घरात त्यांनाही पटलेलं असणार.

आपलं आजचं काम त्या मानाने फारच सोपं आहे. गुपचूप काही करायचं नाही, कायदा आपल्या बाजूने आहे. रुग्णाला केसपेपरची प्रत मिळालीच पाहिजे, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात सांगितलं. त्यानंतर 2002 च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांत लिहून आलं की भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने तीन वर्षं जपायच्या आणि रुग्णाने मागितल्या तर 72 तासांत द्यायच्या. प्रतीचा खर्च आपण द्यायचा, एवढंच. महाराष्ट्रात 2021 पासून खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. पुढच्या वेळी वाट बघत बसाल तेव्हा भिंतीवर ती शोधा. नसेल तर नम्रपणे विचारा. आपण मंदिरातल्या सूचना बारकाईने वाचतो, इथे मात्र देवाच्या फोटोकडे बघत बसतो. पण तीन वर्षं म्हणजे फक्त तीन वर्षं, हेही लक्षात ठेवा. त्यानंतर रुग्णालयाने जुने कागद काढून टाकले तर तक्रारीला जागा नाही. जे जपायचं ते आपल्यालाच जपायचं आहे.

आता आभाविषयी. हे नाव तुम्ही ऐकलं असेल, आशाताईंनी किंवा दवाखान्यात कुणी तो नंबर काढूनही दिला असेल. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालं. त्यातला चौदा आकडी आरोग्य खात्याचा क्रमांक म्हणजे आभा. आपल्या गावात पुष्कळांचा एक घोटाळा होतो, तो आधी सोडवते. पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं आणि आभा वेगळी. आभाने उपचाराचे पैसे मिळत नाहीत. आभा म्हणजे वेगवेगळ्या दवाखान्यांतले आपले कागद एका दोऱ्यात ओवणारा क्रमांक. सेवाग्रामचा रिपोर्ट, नागपूरचं डिस्चार्ज कार्ड, लॅबची रक्ततपासणी, हे सगळं आपल्या आभाला जोडलेलं असेल तर आपल्या ॲपमध्ये एका ठिकाणी दिसतं. अट ही की त्या त्या दवाखान्याने या व्यवस्थेत भाग घेतलेला असावा. अजून सगळे त्यात नाहीत, छोटे दवाखाने तर पुष्कळच बाहेर आहेत. त्यामुळे आभा काढली म्हणजे जुनी पिशवी फेकून द्या, असं मी मुळीच म्हणणार नाही.

आभातली मला पटलेली गोष्ट म्हणजे संमती. नव्या डॉक्टरला आपले जुने कागद बघायचे असतील तर त्याची विनंती आपल्या ॲपवर येते. कोण मागतो आहे, कोणते कागद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे आणि ते त्याला कधीपर्यंत दिसतील, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. आपण हो म्हणायचं, नाही म्हणायचं, किंवा आधी हो म्हणून नंतर परवानगी काढून घ्यायची. नुसता थायरॉइडचा कागद दाखवायचा असेल तर गर्भाशयाच्या सोनोग्राफीचा दाखवावा लागत नाही. आपल्या पिढीच्या कितीजणींना आयुष्यात कुणी असं विचारलं आहे?

पण हा प्रश्न येतो त्या फोनवर, ज्याचा नंबर खात्याला लावलेला आहे. तो फोन यजमानांचा असेल तर हो-नाही तेच म्हणणार. इतकी काळजीपूर्वक बांधलेली व्यवस्था आपल्या घरात एका नंबरापाशी फुकट जाते. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आभा काढण्याआधी आपल्या आधारला कोणता मोबाईल नंबर जोडलेला आहे ते बघा. पुष्कळ बायकांच्या आधारला वडिलांचा नाहीतर यजमानांचा जुना नंबर असतो, कधी तर बंद पडलेलं सिम. आधार केंद्रावर जाऊन तो बदलता येतो. त्यासाठी कुणाचं पत्र लागत नाही, स्वतः जावं लागतं, अंगठा द्यावा लागतो. आणि दवाखान्याच्या खिडकीवर, कितीही लांब रांग असली तरी, नंबर आपण स्वतः सांगायचा. आधी दुसऱ्याचा दिला गेला असेल तर नोंदणी विभागात ओळखपत्र दाखवून तो बदलून मागायचा.

यजमानांवर अविश्वास आहे का, असं कुणी विचारेल. माझ्या घरात हा प्रश्न आलाच. मी म्हटलं, तुमची साखर वाढलेली मला ठाऊक आहे, ती तुम्ही सांगितली म्हणून. मी तुमचा फोन उघडून बघितली नाही. माझंही मी सांगीन. यावर फार वाद झाला नाही.

मोठी भीती वेगळीच आहे आणि ती बायकाच मला हळू आवाजात सांगतात. मुलीचं लग्न. मुलीला झटके येत होते, पीसीओडी आहे, मध्यंतरी मानसोपचार झाले, हे सगळं ऑनलाइन गेलं तर स्थळ आणणाऱ्यांना कळेल. ही भीती खोटी नाही, आपला समाज लहान आहे आणि बातमी पोचायला बस लागत नाही. पण नीट विचार केला तर गळती कुठून होते? आभामध्ये कागद सरकारच्या एका मोठ्या कोठीत जमा होत नाहीत. ते त्या त्या रुग्णालयाच्या संगणकातच राहतात आणि आपल्या संमतीने तेवढ्यापुरते दिसतात. याउलट व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेला रिपोर्ट परत बोलावता येत नाही. काकांच्या ग्रुपवर टाकलेला कागद हा चौकात चिकटवलेलाच समजा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती मोकळेपणाने दिलेली आणि मागे घेता येणारी असावी असं सांगितलं आहे, पण काकूच्या बोटाला तो कायदा कसा थांबवणार? आणि मुलगी अठरा वर्षांची झाली की तिचं खातं तिच्या नंबरावर करून द्या. कुणाला काय सांगायचं ते तिला ठरवू द्या. सासरी गेल्यावर तिथली सून म्हणून तिचा नंबर पुन्हा बदलला जाणार नाही एवढं तरी तिला आताच शिकवा.

संगणकावर आंधळा विश्वासही नको. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयात कितीतरी दिवस हाताने कागद लिहून काम चालवावं लागलं. म्हणून महत्त्वाच्या गोष्टींची प्रत आपल्या घरात हवीच. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे कागद, बायोप्सी, रक्तगट, कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठतं ती चिठ्ठी. ईसीजी आणि सोनोग्राफीचे जे गुळगुळीत कागद असतात, ते उष्णतेने छापलेले असतात. आपल्या वर्धा जिल्ह्याच्या मे महिन्यात ते कपाटातही फिके पडतात. दोन-तीन वर्षांनी डॉक्टर जुना ईसीजी मागतात तेव्हा आपल्या हातात कोरा गुलाबी चौकटींचा कागद असतो. घरी आल्या आल्या त्याची झेरॉक्स काढा नाहीतर फोनमध्ये स्कॅन करा. फोनवर ठेवताना फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि पुढे काय ते लिहा, म्हणजे सगळे कागद आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. "डॉक्युमेंट 47" या नावाने ठेवलेला कागद हरवलेलाच असतो. डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवायचाच झाला तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, अक्षरं फुटत नाहीत.

आपल्या नियमांचंही त्या नोंदीत आलं पाहिजे. संध्याकाळनंतर पाण्याचाही त्याग असणाऱ्या बाईला "रात्री जेवणानंतर एक गोळी" लिहून मिळते आणि ती बिचारी गोळीच सोडते, डॉक्टरांना मात्र सांगत नाही. पुढच्या वेळी तपासणीत औषध लागू पडलं नाही असं दिसतं आणि मात्रा वाढते. पर्युषणात उपवास करणाऱ्या मधुमेही बायकांचं तर विचारूच नका. सूर्यास्ताआधी घेता येईल अशी वेळ, जिलेटीनची कॅप्सूल चालत नाही, दहा दिवसांचे उपवास कधी आहेत, हे डॉक्टरांना सांगून नोंदीत लिहायला लावा. तिथे एकदा लिहिलं की पुढचा डॉक्टरही वाचतो.

राहिल्या आपल्या सासूबाई आणि आई, ज्यांना फोनवरचं वाचता येत नाही. त्यांचं खातं आपण चालवायचं हे ओघानेच आलं. पण ओटीपी आला की तो त्यांना सांगून टाका, कशासाठी आला ते सांगा आणि रिपोर्ट आधी त्यांना वाचून दाखवा, मग दिल्ली-पुण्याला पाठवा. कुणाला पाठवू, हेही विचारा. माझ्या सासूबाईंना मी पहिल्यांदा असं विचारलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मोठ्याला पाठव. धाकट्याला नको, तो घाबरतो."

श्रुतपंचमीला आपण शास्त्रं बाहेर काढतो, झटकतो, नवी वेष्टनं घालतो, कोणतं पान सुटलं आहे ते बघतो. यंदा त्या दुपारी पूजा आटोपली की कपाटातली ती प्लास्टिकची पिशवीही काढा. त्यात घरातल्या प्रत्येकाची फाईल सापडेल, यजमानांची, सासऱ्यांची, मुलांच्या लसीकरणाची. आपल्या स्वतःच्या नावाची आहे का ते बघा आणि मला कळवा.